ओवीची अडखळ

"आई, पुढच्या रांगेत बसू नकोस. पूर्वेच्या खांबामागे बस. तू समोर दिसलीस की माझं निम्मं लक्ष तुझ्याकडे जातं."

ओवीनं हे सांगितलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि खो-खोच्या तालुका सामन्यात पहिल्यांदाच पळणार होती. ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली होती, तरी तिची आई, मृण्मयीकाकू, खांबामागेच बसत. मांडीवर कापसाची पिशवी असे. लाखवातींचा नेम होता त्यांचा. रोज एकशे आठ वाती वळून झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. चौथा लाख चालू होता. सामना असेल त्या दिवशी वाती मैदानावरच वळल्या जात. हात वातींवर आणि डोळे मैदानावर.

मैदानावर रेवा बंडगर पळत असे. उंच, सावळी, रुंद खांद्यांची मुलगी. कृष्णाकाठ संघाची सगळ्यात जास्त वेळ टिकणारी खेळाडू. ओवीशी तिचं ना नातं, ना चेहऱ्याचं साम्य. पण दोन-अडीच मिनिटांच्या पळतीत एकदा तरी असं होई, की खांबाजवळ येताना तिचा डावा पाय कुठल्या तरी न दिसणाऱ्या धाग्यात अडकावा तसा किंचित रेंगाळे. पाठलाग करणाऱ्या मुलीला वाटे, हिचा तोल गेला. ती झेप घेई, आणि तिच्या हाताला नुसती हवा लागे. लोक टाळ्या वाजवत म्हणत, "ओवीची अडखळ." तेवढा एक क्षण काकूंची ओवी मैदानावर येऊन जाई. त्यासाठी काकू उन्हातान्हात खांबामागे बसत.

हे कसं घडत होतं ते सांगायला हवं.

चालणं, पळणं, भाकरी थापणं, सायकलवर तोल सांभाळणं या गोष्टी माणूस आधी विचार करून शिकतो. एकदा अंगवळणी पडल्या की त्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेल्या छोट्या मेंदूत जाऊन बसतात. तिथे त्या शब्दांत नसतात. म्हणून तर आईला विचारलं की भाकरी गोल कशी होते, तर ती सांगू शकत नाही, थापून दाखवते. शास्त्रज्ञांनी टोपासारखं एक यंत्र केलं. ते घालून खेळाडूनं हालचाल केली की छोट्या मेंदूतली ही वळणं टिपली जात, आणि तीच वळणं दुसऱ्या खेळाडूच्या छोट्या मेंदूत महिनाभरात रुजवता येत. अडचण एकच होती. ही वळणं यंत्रात टिकत नसत. चाल म्हणजे भिंतीवरचं चित्र नव्हे. ती पावलोपावली स्वतःला सावरत जिवंत राहते. यंत्रात कोंडली की अकरा दिवसांत तिच्यातला जीव जाई. तिला राहायला चालतं-फिरतं अंगच लागे.

शास्त्रात या प्रकाराला भलंमोठं नाव होतं. लोकांनी त्याला म्हटलं 'विरजण'. दही कुणी फडताळात वर्षभर ठेवून देत नाही. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात घालायचं, तेव्हा ते चालू राहतं. आणि एका भांड्यात दोन विरजणं नांदत नाहीत. नवं लागलं की जुनं संपलं.

ओवीचं रक्त नासायला लागलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. शेवटच्या महिन्यात तिनं टोप घातला, दवाखान्याच्या पलंगावर पडल्या पडल्या पाय हलवले, आणि तिचं विरजण अठरा वर्षांच्या रेवाला लागलं. त्या दिवशी काकूंनी रडत रडत गावात पेढे वाटले होते.

दर वर्षी वैशाख आला की सामने संपत आणि बदल्यांचा महिना सुरू होई. कुणाचा करार संपला, कोण मोकळी झाली, कोणत्या संघानं कुणाला देऊन कुणाला घेतलं, कुणाचं विरजण कुणाला लागणार, याच्या चर्चेला सामन्यांपेक्षा जास्त रंग चढे. काकूंच्या गावात ही चर्चा संध्याकाळी डेअरीत होई, दूध घालायच्या रांगेत.

डेअरीचे माजी चेअरमन अथर्वअण्णा सत्तरी ओलांडलेले होते. अथर्व हे एके काळी घरोघरच्या पाळण्यातलं नाव. आता त्या नावाच्या सगळ्यांच्या हातात काठ्या आल्या होत्या. फॅट काढायच्या यंत्रावर सोहमभाऊ बसे. त्या दिवशी काकू किटली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा दोघांचं जुंपलेलं होतं.

"पळणाऱ्या ढीगभर आहेत आपल्याकडे. पकडणारं कोण आहे?" सोहमभाऊ म्हणत होता. "गेल्या हंगामात समोरच्यांनी चार-चार मिनिटं पळून दाखवलं आपल्याला. गोदावरी संघ दोन आक्रमक द्यायला तयार आहे, दोन. त्यातली एक खांबावरून झेपावते ती दोन हात लांब जाऊन पडते. आणि मागतात काय, तर एक रेवा."

"एक रेवा म्हणं. म्हैस द्यायची आणि दोन शेरडं घ्यायची, असा सौदा झाला हा."

"अण्णा, म्हैस आटलीय."

रांग हसली.

"ती अडखळ आता पोरीसोरींना पाठ झालीय," सोहमभाऊ पुढे म्हणाला. "परवाच्या सामन्यात बघितलं न्हाई का? गोदावरीची पोरगी झेपावलीच नाही. नुसती थांबली, आणि रेवा आपणहून तिच्या हातात गेली. गोदावरीला रेवाची ती चाल नकोच आहे. त्यांना तिची उंची पाहिजे. ते तिला दुसरंच विरजण लावणार. संघ बांधायचा म्हटलं की जुनं धरून चालत नाही, अण्णा. तुमच्यासारखी माणसं निवड समितीत नाहीत तेच बरं आहे."

एवढ्यात त्याला काकू दिसल्या. त्यानं मान खाली घालून यंत्राचं झाकण पुसायला घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नका, काकू."

"खरं ते बोललास बाळा. माझी किटली घे."

अण्णा काठी टेकत जवळ आले. "काकू, तुम्हाला एक-दोन दिवसांत बोलावणं येईल. सही तुमची लागणार आहे."

मूळ खेळाडू हयात नसेल तर तिच्या विरजणाचं पुढे काय करायचं ते जवळच्या नातेवाइकानं ठरवायचं, असा नियम होता. त्याला नातेहक्क म्हणत.

"काय ठरतंय?" काकूंनी विचारलं.

"रेवा जाईल गोदावरीला. दोन आक्रमक आपल्याकडे येतील. आणि ओवीचं विरजण जाऊ द्यायचं नाही, असं मी भांडून ठरवून घेतलंय बघा. आपल्या प्रबोधिनीत सोळा वर्षांची एक पोरगी आहे, तिला लावायचं. एकाच दिवशी हिचं काढायचं, तिला द्यायचं. अजून दहा वर्षं ओवी आपल्या मैदानावर."

"पण ती चाल सगळ्यांना पाठ झालीय म्हणतो ना हा?"

"दोन वर्षांत विसरतील. जुन्या काठाची लुगडी परत निघतातच की बाजारात."

"आणि मी नको म्हटलं तर?"

अण्णांनी काकूंकडे वेड्यासारखं बघितलं. "मग विसर्जन. कागदावर नियम आहे तसा, पण आजवर कुणी मागितलेलं नाही. रेवाचं काढलेलं विरजण यंत्रातच संपून जायचं. सौदा मोडतो आणि रेवा मोकळी होते. चाळीस दिवस तिला कुणी हात लावायचा नाही, कुठलं विरजण लावायचं नाही. पण ते कोण कशाला मागेल?"

काकू रिकामी किटली घेऊन घरी आल्या. दहा वर्षं. आपण चौऱ्याहत्तरच्या होऊ. तोवर गुडघे राहिले तर खांबामागे बसू. त्यांनी दूध कोमट केलं, चमचाभर विरजण घातलं आणि झाकण ठेवता ठेवता देवापुढे हात जोडले. सही करायचं त्यांचं ठरलं होतं.

मिरजेच्या केंद्रात डॉ. आफरीन मुजावर गेली पंधरा वर्षं विरजणाचं काम बघत होत्या. ओवीच्या डोक्यावर टोप त्यांनीच चढवला होता. काकू त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा रेवा आधीच येऊन बसलेली होती. ती उठून काकूंच्या पाया पडली. काकूंची नजर सवयीनं तिच्या पावलांकडे गेली.

"कागद तयार आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण सही करायच्या आधी रेवाला तुमच्याशी बोलायचंय. मी थांबू की जाऊ?"

"थांबा, मॅडम," रेवा म्हणाली. मग ती काकूंकडे वळली. "काकू, श्रावणात शुक्रवारी तुम्ही मला कुमारिका म्हणून जेवायला बोलवायचात. आणि ताट वाढलं की म्हणायचात, रेवा, माठातलं पाणी आण जरा. तांब्या भरलेला असायचा तुमच्या शेजारी."

काकूंनी पदर सारखा केला.

"मला कळायचं ते. माठापर्यंत नऊ पावलं होती. मी मुद्दाम सावकाश चालायचे."

"पोरी..."

"तुमच्यावर राग नाही माझा. सांगतेय ते वेगळंच आहे." रेवानं खाली बघितलं. "आमची आई मेंढरं राखते, जतच्या पलीकडे. दोनशे मेंढरांतलं कुठलं मागे राहिलं ते तिला न बघता कळतं, पायांच्या वाजण्यावरून. विरजण लागल्यावर त्या दिवाळीला मी घरी गेले. ती आत चुलीपाशी होती, पाठ माझ्याकडे. मी अंगणातून आत गेले, आणि तिनं विचारलं, कोण हाय? मी म्हटलं, मी आहे की आई. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, मग पायांकडं बघितलं. म्हणाली, ही चाल कुणाची घेऊन आलीस?"

रेवानं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"सुरुवातीला ती चिडायची. मग चिडायची थांबली. आता गेलं की पाहुण्याला देतात तसा चहा देते. मी दोन वर्षं गेलेच नाही. आता गोदावरीवाले तिसरीच कुणाची तरी चाल लावणार. माझी कशी होती ते मला आठवत नाही, काकू. जुनी चित्रफीत बघितली, तर दुसरीच कुणी पोरगी चालतेय असं वाटलं."

काकू डॉक्टरांकडे वळल्या. "नऊ वर्षांपूर्वी हिच्या आईला कुणी विचारलं होतं का?"

"रेवाला अठरा पूर्ण होती, काकू. सही तिची स्वतःची."

"सहीचं नाही म्हणत मी. आईला सांगितलं होतं का कुणी?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. सांगणार कोण? संघवाल्यांना वाटलं, खेळाची बाब आहे. गावानं टाळ्या वाजवल्या. आणि ज्या बाईला सुचायला हवं होतं, जिचं स्वतःचं लेकरू जात होतं, तिनं पेढे वाटले. रोज संध्याकाळी विरजण लावणाऱ्या आपल्या हातांना हे कळू नये, की विरजण लावायचं तर कुणाचं तरी दूध लागतं? काकूंना स्वतःचीच लाज वाटली.

"हिचं काढलं तर हिची मूळची चाल परत येते का?" त्यांनी विचारलं.

"यायला हवी. खाली दबलेली असते असं आम्ही मानतो. पण खात्रीनं नाही सांगता येत. आजवर कुणाला रिकामं ठेवलेलंच नाही. एक काढतानाच दुसरं लागतं. चाळीस दिवस मिळाले तर कळेल." डॉक्टरांनी कागदावर हात ठेवला. "पण मग ओवीचं संपेल, काकू. अकरा दिवसांत. ते परत कुठून आणता येणार नाही. हे मी तुम्हाला नीट सांगायला हवं."

काकूंनी कागद पुढे ओढला. दोन चौकोन होते. एकावर 'पुढे देणे' आणि दुसऱ्यावर 'विसर्जन'. त्यांनी 'विसर्जन'च्या चौकोनात सही केली.

"तुझ्या आईला मी घेऊन येईन इथे," त्या रेवाला म्हणाल्या. "माझा शब्द आहे. नऊ वर्षांपूर्वी जायला हवं होतं."

रेवा मग उठली.

"काकू, पाणी आणू?"

"आण," काकू म्हणाल्या.

पाण्याचं यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. ती सावकाश गेली आणि पेला भरून सावकाश परत आली. वळताना डावा पाय जरासा रेंगाळला. काकूंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला, आणि डॉक्टर उगाच खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डेअरीत त्या संध्याकाळी काकूंना कुणी रांगेत उभं केलं नाही, पुढे जाऊ दिलं. दुखवटा असलेल्या घरच्या माणसाला देतात तसं. अण्णा एवढंच म्हणाले, "तुम्ही नेमाधर्माच्या बाई. तुम्हाला काय बोलायचं."

सोहमभाऊला मात्र राहवलं नाही. "दोन आक्रमक गेल्या, एक चाल गेली, रेवा मोकळी झाली. याला म्हणतात संघाची बांधणी," तो फॅटचा आकडा लिहिता लिहिता म्हणाला.

विरजण काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला, ताबडतोब या.

रेवा पलंगावर बसलेली होती. बोलत होती, हातांनी केस विंचरत होती. डॉक्टर म्हणाल्या, "रेवा, काकूंना दाखव." तिनं पाय खाली सोडले, पलंगाच्या कडेला धरून उभी राहिली, आणि सत्तावीस वर्षांची ती धिप्पाड मुलगी दोन्ही हात वर करून, पाय फाकवून एक पाऊल पुढे टाकू लागली. दुसरं पाऊल टाकताच बसकन खाली बसली. वर्षाचं मूल बसतं तशी. स्वतःशीच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

परिचारिकेनं तिला उचलून परत निजवलं. डॉक्टरांनी काकूंना बाहेर बाकावर नेलं.

"आमचा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. "खाली काही दबलेलं नव्हतं. नऊ वर्षांत दुसऱ्या चालीनं ती जागा भरून टाकली होती. ती काढली तर पाटी कोरी. पण घाबरू नका. ती शिकेल, आणि झपाट्यानं शिकेल. अंग मोठं आहे, ताकद आहे. पंधरा दिवसांत चालेल, चाळीस दिवसांत पळेल."

"मग बोलावलंत कशाला?"

"उद्यापासून कुणीतरी तिचा हात धरून तिला चालवायला हवं. कुणीही एकच माणूस, रोज. मूल चालायला शिकतं तेव्हा काय करतं? धरणाऱ्याचा हात वर-खाली होतो, त्याच्या पावलांचा ताल त्या हातातून मुलाच्या अंगात उतरतो. आपल्याला वाटतं चाल रक्तातून येते. पुष्कळशी बोटातून येते. आणि रेवाचं अंग आत्ता चार-पाच दिवस कोरड्या मातीसारखं आहे. जो हात धरेल त्याची चाल घेईल." डॉक्टर जरा घुटमळल्या. "काकू, एक विचारू? तुमचा डावा पाय..."

"लहानपणी चिंचेवरून पडले होते. घोटा नीट बसला नाही."

"इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर खुर्चीवरच बसलात. आज तुम्ही या लांब वाटेनं चालत आलात, आणि मी दारात उभी राहून बघत होते. ओवी चालायला कुणाच्या बोटाला धरून शिकली?"

काकूंनी आपल्या पायाकडे बघितलं. हजारो लोकांनी जिला टाळ्या वाजवल्या, संघांनी जिच्यासाठी सौदे केले, ती अडखळ चपलेच्या आत निमूट बसली होती. ओवीनं तिला पळत केलं होतं, एवढंच.

"म्हणजे मी हिचा हात धरला, तर?" काकू म्हणाल्या.

"तर चाळीस दिवसांनी ओवीसारखं काहीतरी चालेल. अगदी तेच नव्हे. पण तुम्हाला ओळखू येईल."

"आणि हिच्या आईनं धरला तर?"

"तर मेंढरांमागची चाल. लांब टांगांची, मोकळी. चित्रफितीत दिसते ती." डॉक्टर उठल्या. "तिच्या आईला चार वेळा फोन लावला. घरी खुंटीला टांगलेला असतो म्हणे, आणि ती कळप घेऊन माळावर. आम्हाला उद्या सकाळी सुरुवात करावी लागेल. रेवाला विचारलं. ती म्हणते, काकू आहेत ना."

दुपारी अथर्वअण्णा आंब्यांची पिशवी घेऊन रेवाला बघायला आले. डॉक्टरांकडून सगळं ऐकून घेतलं. मग बाकावर काकूंच्या शेजारी येऊन बसले, आणि काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून हळूच म्हणाले, "काकू, देव पावला तुमच्या वातींना."

काकूंनी आंब्यांची पिशवी बाजूला सरकवली.

"बघा तुम्हीच. रेवा मोकळी आहे, कुणाची बांधील नाही. तुम्ही तिला चालवा. एकेचाळिसाव्या दिवशी आपण करार करू. ना विरजण, ना टोप, ना कुणाची सही. गोदावरीला काही न देता ओवी परत मैदानावर. उलट आता ती चाल कुणी काढून घेऊ शकणार नाही. शिकलेली चाल ती, तिची स्वतःचीच. सोहम्याला सांगितलं फोनवर, तर तोही नमला. म्हणाला, अण्णा, याला बांधणी म्हणतात."

"आणि तिची आई?"

"फोन लागत नाही, त्याला आपण काय करणार? तुम्ही काही चोरी करत नाही. पोरगीच तुम्हाला मागतीय."

अण्णा लबाड नव्हते. ओवीच्या पहिल्या सामन्याला स्वतःच्या टेम्पोतून पोरींना नेणारे तेच होते. म्हणून तर त्यांचं बोलणं आत शिरलं. काकू मनाशी म्हणाल्या, शब्द दिलाय तो आईला आणायचा. कधी आणायचं असं कुठं म्हटलंय? आठवड्यानं जाऊ. पोरगी जरा पायावर उभी राहिली की जाऊ. रेवाच तर म्हणाली, काकू आहेत ना. तिच्या लांब बोटांत आपलं बोट कसं दिसेल ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग त्यांना दिसलं की ते बोट ओवीचं आहे, वर्षाच्या ओवीचं, ओलं, गूळ लागलेलं. किती वर्षांत त्यांना तो चिकटपणा आठवला नव्हता.

"उद्या सकाळी सातला सुरू करू," जाताना डॉक्टर म्हणाल्या. काकूंनी मान हलवली.

सोबत्यांच्या खोलीत त्या पहाटेच उठल्या. अंघोळ केली, एकशे आठ वाती वळल्या, देवाचं नाव घेतलं. उजाडताना रेवाच्या खोलीकडे निघाल्या. वाट लांब होती आणि फरशी नवी, चपला स्वच्छ वाजत होत्या. दार उघडंच होतं. रेवा गाढ झोपलेली होती, एका कुशीवर, छातीपर्यंत पांढरी चादर ओढून.

काकू दाराशी पोचल्या आणि त्यांना चादर हलताना दिसली.

चादरीखाली रेवाचे पाय हलत होते. उजवा, मग जरा थांबून डावा. उजवा, मग डावा. काकू थबकल्या. पाय थांबले.

काकूंनी एक पाऊल पुढे टाकलं. उजवा पाय हलला. दुसरं टाकलं. डावा हलला, जरासा रेंगाळत.

झोपेतच रेवाच्या कपाळावरची आठी सैल झाली. वासरू गोठ्यात कान टवकारतं तसं तिचं सगळं अंग त्या आवाजाकडे वळलं, आणि ती अगदी स्पष्ट म्हणाली, "आई."

काकू उभ्या राहिल्या. पलंग आठ-दहा पावलांवर होता. उत्तर द्यायची गरज नव्हती. नुसतं चालत जायचं होतं. त्या पायांनी त्यांना ओळखलं होतं. चेहऱ्यानं नाही, नावानं नाही. ज्यानं ओवी त्यांना ओळखत असे, शाळेतून आल्यावर पाठमोरी दप्तर टाकताना, त्यानंच. नऊ वर्षं त्या खांबामागे बसून ज्याची वाट बघत होत्या ते इथे समोर निजलेलं होतं आणि हाक मारत होतं. आणि ते लेकरू कुणा दुसरीचं होतं. ती दुसरी या घटकेला कुठल्या तरी माळावर कळप उठवत असेल. तिला आपल्या मुलीच्या पायांची चाहूल एकदा विसरायला लावली होती. आता आणखी दहा पावलं, की ती कायमची गेली. याला टोप लागत नव्हता, सही लागत नव्हती. पुन्हा कुणी तिला विचारणार नव्हतं.

मग त्या खाली वाकल्या आणि चपला काढून हातात घेतल्या.

भिंतीला हात लावत, टाच न टेकता, त्या आल्या वाटेनं परत निघाल्या. मागे वळून बघितलं नाही. पाय थांबलेत की शोधताहेत, ते बघायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

परिचारिका टेबलापाशी चहा ओतून घेत होती.

"डॉक्टरांना सांग, मी येईपर्यंत हिला जमिनीवर उतरवू नका," काकू तिला हलक्या आवाजात म्हणाल्या. "कुणी हात धरायचा नाही. उद्या संध्याकाळपर्यंत येते."

"आणि तिनं विचारलं तर, काकू? कुठे गेल्या म्हणून सांगू?"

"तिच्या आईला आणायला."

फाटकाबाहेर येईपर्यंत त्यांनी चपला हातातच ठेवल्या. रस्त्यावर पोचल्यावर त्या पायांत सरकवल्या, पदर खोचला, आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्याला विचारलं, "जतची गाडी कुठं लागते रे बाबा?"